फँड्रीचा दगड आणि कोर्टाची तारीख

एप्रिल जवळ आला की वाशीम जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये दोन चर्चा हमखास सुरू होतात. पहिली डीजे लावायचा की नाही याची. दुसरी, जयंतीच्या आठवड्यात विहारासमोर पडदा बांधून कुठला सिनेमा दाखवायचा याची. पहिल्या चर्चेवर पुन्हा कधीतरी लिहू. दुसऱ्या चर्चेत गेली काही वर्षं एक भांडण ठरलेलं आहे. शिकलेली, पुण्या-नागपूरला राहून आलेली मुलं म्हणतात, "सिनेमा म्हणजे चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'. नागराज 'फँड्री'पर्यंत ठीक होता, 'सैराट'नंतर बाजारात गेला." गावातली मुलं म्हणतात, "नागराज आपला माणूस आहे. ताम्हाणे बाहेरून येऊन आपलं दुःख व्हेनिसला विकणारा."

आम्हाला ही दोन्ही विधानं आळशी वाटतात. पहिल्यात कलेची जात आहे: जे संथ, जे शांत, जे परदेशात गौरवलं गेलं ते उच्च, आणि ज्यावर पोरं नाचली ते खालचं. दुसऱ्यात दिग्दर्शकाचा दाखला बघून सिनेमाचं मूल्य ठरवलं जातं. माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरवू नका असं जगाला सांगणाऱ्या चळवळीला हे शोभत नाही. जन्माने फरक पडतो, तो कुठे पडतो ते पुढे येईलच. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. कॅमेरा कुठे उभा आहे? आणि तिथून त्याला आपलं काय दिसतं, काय दिसत नाही?

नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडार समाजातला. मराठीत एम. ए., एम. फिल., नगरला मास कम्युनिकेशनचं शिक्षण, आधी कवी आणि मग दिग्दर्शक. चैतन्य ताम्हाणे मुंबईत वाढलेला, मिठीबाई कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकलेला, नागराजपेक्षा जवळपास दहा वर्षांनी लहान. 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला पडद्यावर आला. त्याच वर्षी 'कोर्ट'ला व्हेनिसमध्ये 'होरायझन्स' विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, नंतर राष्ट्रीय सुवर्णकमळही मिळालं, आणि एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे लागला. जातीच्या प्रश्नावरचे मराठीतले हे दोन मोठे सिनेमे एकाच वेळी आले हे लक्षात ठेवायला हवं.

'फँड्री'तला कॅमेरा जब्याच्या उंचीवर आहे. जब्याला जीन्स पँट हवी आहे, शालू हवी आहे, काळी चिमणी हवी आहे. त्याच्या बापाला, कचरूला, पोरीच्या लग्नाचा हुंडा हवा आहे. बापाची गरज मुलाच्या इच्छेवर रोज पाय देते, आणि त्यात बापाला खलनायक म्हणता येत नाही. नागराजला जे येतं ते हे. अपमान हा एकदम मोठा, बातमी होण्याएवढा घडत नाही. जत्रेत नवे कपडे घालून नाचायला आलेल्या पोराच्या डोक्यावर दिवा दिला जातो आणि उजेड धरून उभं राहायला सांगितलं जातं, असा तो घडतो. ज्याने हे कधी पाहिलं नाही त्याला हे सुचणार नाही. जन्माने पडणारा फरक तो हाच.

मग डुकराचा तो प्रसंग. अख्खं कुटुंब डुकरामागे धावतंय, आणि ते हाती येणार तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर निघून जातं. ज्या देशाने यांना गावकुसाबाहेर ठेवलं त्याचा मान हे पोट बाजूला ठेवून राखतात. नागराजने यावर भाषण दिलं नाही, प्रेक्षक आधी हसतो. नंतर पकडलेलं डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीवरून नेलं जातं, आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई, शाहू महाराज, गाडगेबाबा आहेत. आपले अनेक कार्यकर्ते या दृश्यावर हळहळतात. आम्हाला ते आपल्यावरचं दृश्य वाटतं. आपण महापुरुष भिंतीवर रंगवले आणि खालून कोण चाललंय ते पाहिलं नाही.

कोण चाललंय? कैकाडी कुटुंब. इथे आपल्या तरुणांना फारशी माहीत नसलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. कैकाडी जमात विदर्भात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा अकोल्यासोबतचा तो दर्जा इथेही आला. उरलेल्या महाराष्ट्रात मात्र हीच माणसं विमुक्त जातींत मोडतात. ही क्षेत्रबंधनाची अट काढा म्हणून या समाजाची मागणी कित्येक वर्षांची आहे. याचा अर्थ काय होतो तो नीट बघा. अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागतो तो अनुसूचित जाती आणि जमातींना. सिनेमातला जब्या बोलतो ती भाषा करमाळा-नगर पट्ट्यातली. तिथे त्याला कितीही हिणवलं, तरी या कायद्याने त्याला तक्रार करता येत नाही. तोच जब्या रिसोडात किंवा मानोऱ्यात जन्मला असता तर करता आली असती. 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो थेट आपल्या तोंडावर येतो. त्या दगडाला आजवर विद्रोह, संताप, स्फोट असं काय काय म्हटलं गेलंय. आम्ही त्यात आणखी एक वाचतो: या पोराच्या हातात कलम नाही, म्हणून दगड आहे.

(आणि जाता जाता: "नागराज आपला" म्हणणाऱ्या आपल्या बौद्ध पोरांनी गावाच्या टोकाला राहणाऱ्या कैकाडी, वडार, पारधी कुटुंबांना जयंतीच्या पंगतीला कधी बोलावलंय का, हे स्वतःला विचारावं. श्रेणीबद्ध विषमता ही फक्त वरच्यांनी पाळायची गोष्ट नाही.)

'फँड्री' लागून अडीच महिनेही झाले नव्हते, २८ एप्रिल २०१४ ला नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला मारून झाडाला लटकवलं गेलं. कारण काय, तर वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो हा संशय. दोन वर्षं आणि एक दिवसाने, २९ एप्रिल २०१६ ला, 'सैराट' लागला. हा योगायोग असेलही, पण ज्यांना 'सैराट' म्हणजे फक्त 'झिंगाट' वाटतो त्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवाव्यात.

'सैराट' बाजारू आहे का? अजय-अतुलचं संगीत आहे, त्यातलं काही अमेरिकेत जाऊन तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेलं आहे, स्लो मोशन आहे, विहिरीतल्या उड्या आहेत. पूर्वार्ध हिंदी सिनेमाचं सगळं सामान घेऊन येतो. पण ते सामान कुणाला दिलंय ते बघा. तोवर मराठी-हिंदी पडद्यावर ऊस, विहीर, पाऊस, वाऱ्यावर उडणारी ओढणी हे कुणाच्या मालकीचं होतं? मासेमारी करणाऱ्या घरातल्या काळ्यासावळ्या पोराला नागराजने ते सगळं दिलं, आणि गावोगावच्या थिएटरात पोरं खुर्च्यांवरून उठून नाचली. त्यात आपली होती तशी पाटलांचीही होती. मग उत्तरार्धात हैदराबादच्या झोपडपट्टीत त्याने गाणी थांबवली, आणि शेवटी आवाजही काढून घेतला. रक्तात भिजलेली बाळाची पावलं आपण आवाजाशिवाय पाहतो. जे नाचले होते ते सगळे त्या खोलीत अडकले. 'फँड्री' ज्यांनी पाहिला नसता त्यांच्यापर्यंत जायचा त्याने काढलेला हा रस्ता होता. तो रस्ता लांबचा आहे, पण फसवा नाही.

आर्चीबद्दलही आपण भाबडेपणाने बोलतो. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, कुणालाही भिडते म्हणून ती 'बिनधास्त मुलगी'. अहो, तो बिनधास्तपणा पाटलाच्या घराचा आहे! कवितेच्या तासाला फोनवर बोलणाऱ्या प्रिन्सला लोखंडे सर हटकतात आणि तो सरांच्या कानाखाली वाजवतो. सरांना त्याचं काही करता येत नाही. आर्चीची बुलेट आणि प्रिन्सची थप्पड एकाच घरातून निघालेली आहे. हैदराबादला ती हे सगळं गमावते आणि मग जी उरते ती खरी आर्ची. आणि आपला परश्या? संशय घेतो, हात उचलतो. आपला नायक म्हणून नागराजने त्याला सूट दिली नाही. एम. ए.ला आम्ही जात आणि पुरुषसत्ता यांच्यावर जाडजूड प्रकरणं वाचली. ते सगळं इथे दहा मिनिटांत, एका खोलीत आहे.

आता दुसरीकडे वळू. नितीन आगेच्या खटल्याचं काय झालं? साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. खैरलांजी तर आपल्या विदर्भातलीच. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये शिक्षा दिल्या, पण अ‍ॅट्रॉसिटीची कलमं टिकली नाहीत. नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये फाशी रद्द करून जन्मठेप दिली, आणि कारण सूडाचं ठरलं, जातीचं नाही. गावात ज्याला सगळे जात म्हणतात ते कोर्टाच्या इमारतीत शिरल्यावर कुठे जातं? नागराजचा सिनेमा जिथे संपतो तिथे हा प्रश्न सुरू होतो. आणि तिथे ताम्हाणेचा कॅमेरा उभा आहे.

तो उभाच आहे, हलत नाही. कोर्टाच्या खोलीत मागे कुठेतरी, तारखेला आलेला माणूस बसतो तिथे. लांबून, सगळी खोली दिसेल असा. पार्श्वसंगीत नाही, कुणाच्या डोळ्यातलं पाणी जवळून दाखवणं नाही. नारायण कांबळे हा लोकशाहीर आरोपी आहे. त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या वासुदेव पवार या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. ऐकायला हास्यास्पद आहे, आणि कोर्टात तो गंभीरपणे, कलम वाचून, तारखा देऊन चालवला जातो. सरकारी वकील नूतन कायद्याचे उतारेच्या उतारे इंग्रजीत धडाधडा वाचते. पोलिसांचा पंच इतर खटल्यांतही पंच असतो. न्यायाधीश बिनबाह्यांचा ड्रेस घातलेल्या बाईचं प्रकरण ऐकायलाच नकार देतात. यात कुणीही दुष्ट नाही. नूतन पाळणाघरातून लेकराला घेते, लोकलमध्ये साडीबद्दल बोलते, घरी स्वयंपाक करते. तीच बाई सहकाऱ्यांशी गप्पा मारताना म्हणते, तेच तेच चेहरे बघून कंटाळा येतो, एकदाचं वीस वर्षांसाठी टाकावं आत. तिला शाहिराचा राग नाही. तिला कंटाळा आलाय. आमच्या मते मराठी सिनेमातलं जातीबद्दलचं हे फार भेदक वाक्य आहे, आणि त्यात जातीचा उल्लेखही नाही.

वासुदेवची विधवा साक्ष देते तो प्रसंग सिनेमाचा कणा आहे. नवरा आत उतरण्यापूर्वी खडा टाकून बघायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा. वास सहन व्हावा म्हणून प्यायचा. वायूने एक डोळा गेलेला. ती हे सगळं सपाट आवाजात सांगते. ती भूमिका करणाऱ्या उषा बाने यांनी त्या कामातल्या माणसांचं जगणं जवळून भोगलेलं आहे, म्हणून तो आवाज तसा आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. त्यानंतरही माणसं गटारात मरत आहेत. आत्महत्येचा खटला चाललाय, आणि खून करणारं गटार आरोपीच्या पिंजऱ्यात नाही. नागराजने हे दृश्य केलं असतं तर तो त्या गटाराजवळ, खड्याजवळ गेला असता. ताम्हाणे बाईंना कोर्टातच ठेवतो, आणि लिहून घेणाऱ्याचा टाइप करण्याचा आवाज ऐकवतो. वेदना भाषेतून भाषेत जाताना कशी वाळत जाते ते त्यातून कळतं. दोन्ही रीतींचं आपापलं काम आहे, पण या जागी ताम्हाणेची रीत आम्हाला जास्त खरी वाटते.

आमची 'कोर्ट'वर एक तक्रार आहे आणि ती लहान नाही. सिनेमा बचावाच्या वकिलाच्या घरी जातो, त्याच्या खरेदीच्या पिशव्या आणि आईवडिलांची कटकट दाखवतो. सरकारी वकिलाच्या घरी जातो. न्यायाधीशांसोबत सुट्टीच्या रिसॉर्टवर जातो, तिथे बाकावर डुलकी घेणाऱ्या साहेबांना पोरं दचकवतात आणि ते एकाला थप्पड मारतात. शाहिराच्या घरी मात्र आपण सुरुवातीला शिकवणी घेण्यापुरते जातो. मग तो स्टेजवर, छापखान्यात, पोलिसांत, दवाखान्यात, कोर्टात. त्याची माणसं कोण? तो कुणाबरोबर जेवतो, कशाला हसतो? कॅमेरा मागच्या बाकावर बसलाय म्हटल्यावर त्याला पाठ दिसते, चेहरा कमी दिसतो. जन्माचा फरक इथे पुन्हा पडतो. 'कोर्ट'चं यश मोठं असूनही शाहीर त्यात एक प्रश्न म्हणून राहतो, माणूस म्हणून थोडाच उरतो.

जो थोडा उरतो तो वीरा साथीदार यांच्यामुळे. ते काही नट नव्हते. नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक, आयुष्यभर चळवळीत. गाणी संभाजी भगत यांची. म्हणजे ताम्हाणेने बाहेरून येऊन आपलं दुःख विकलं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की त्या सिनेमाचा गळा आणि चेहरा आपल्याच चळवळीने दिला होता. रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला झालेल्या गोळीबारात दहा माणसं गेली आणि त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. शाहिराला गाणं किती महाग पडतं हे साथीदारांना वाचून शिकावं लागलं नसणार. १३ एप्रिल २०२१ ला, जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने ते गेले. त्या वर्षी विहारात गर्दी नव्हती.

यानंतर दोघे कुठे गेले? ताम्हाणेचा 'द डिसायपल' शास्त्रीय गायनाच्या जगात गेला. व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार घेतला. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी "हा ब्राह्मणी संगीतावर, आपला काय संबंध" म्हणून तो सोडून दिला. बघायला हवा. शुद्धतेच्या मागे आयुष्य घालवलेला, आणि आपण मध्यम प्रतीचे आहोत हे हळूहळू समजलेला शरद त्यात आहे. शेवटी तो बायको-मुलीसोबत लोकलच्या डब्यात बसलेला असताना एक माणूस गात, पैसे मागत येतो. साधनेचं सगळं शास्त्र बाजूला, आणि गाणं तिथे, डब्यात. ताम्हाणे यावर काही बोलत नाही. आम्हाला त्यात कोर्टातला शाहीर पुन्हा भेटल्यासारखा वाटला.

नागराजने 'झुंड' केला, २०२२ मध्ये. अमिताभ बच्चनला नागपूरच्या झोपडपट्टीत आणलं, बाबासाहेबांची जयंती मोठ्या पडद्यावर वाजतगाजत आणली. बच्चन मध्ये असल्याने तारणहाराची गोष्ट होते, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, सिनेमा लांबतो हेही. पण त्यातला एक भाग आमच्या रोजच्या कामाचा आहे. मोनिका नावाची आदिवासी मुलगी पासपोर्टसाठी लागणारी कागदं मिळवायला बापासोबत दारोदार फिरते. आपण कोण आहोत हे सिद्ध करणारा कागद नाही, म्हणून खेळायला जाता येत नाही. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा शोधत फिरणारी माणसं आम्ही इतकी पाहिली आहेत की तो भाग सुरू झाला तेव्हा आमच्यासोबतचे सगळे ताठ बसले. इथे नागराज ताम्हाणेच्या जवळ येतो: दुष्ट माणूस नाही, फक्त खिडक्या आहेत, आणि प्रत्येक खिडकी पुढच्या खिडकीकडे बोट दाखवते.

तर पडद्यावर काय लावायचं? आम्ही मंगरूळपीर तालुक्यातल्या एका वस्तीत दोन्ही लावून पाहिले आहेत. 'फँड्री'ला लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे शेवटपर्यंत बसले, आणि दगड आला तेव्हा मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. पुढच्या बायका गप्प होत्या. 'कोर्ट'ला तासाभरात अर्धी चटई रिकामी झाली. पण कोण उठलं नाही ते आम्ही बघत होतो. ज्यांच्या घरात खटला चालू आहे ती माणसं उठली नाहीत. एका मावशीच्या मुलाची मारहाणीची केस कित्येक वर्षं एका कोर्टात पडून आहे. सुट्टी लागते, दिवे बंद होतात, खोली अंधारते आणि पडदा तसाच काळा राहतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे तं आपलंच हाये. आपल्याले फक्त तारीख भेटते."

त्यांना एक अडचण मात्र आली होती. नूतन इंग्रजीत वाचते ते त्यांना कळलं नाही, आणि खालची इंग्रजी अक्षरं वाचता आली नाहीत. खऱ्या कोर्टातही नेमकं हेच होतं. आपल्यावर काय चाललंय ते आपल्याच माणसाला कळत नाही. बाबासाहेबांनी १९२६ मध्ये पुण्यात जेधे-जवळकरांच्या 'देशाचे दुश्मन' खटल्यात वकीलपत्र घेतलं आणि जिंकलं, ती केसही शब्दांवरचीच होती. कायद्याची भाषा येणारा आपला माणूस खोलीत असणं याची किंमत त्यांना ठाऊक होती.

म्हणून यंदा आम्ही असं ठरवलंय. पहिल्या रात्री 'सैराट', कारण त्याशिवाय पोरं जमणार नाहीत. दुसऱ्या रात्री 'कोर्ट', मधे थांबवत थांबवत. विधी शाखेला असलेल्या आपल्याच दोन मुली माइक घेऊन बसतील, आणि इंग्रजी कलम आलं की सिनेमा थांबवून ते वऱ्हाडीत सांगतील. ताम्हाणेला हे आवडणार नाही, त्याचा ताल मोडेल. मोडू दे. गावाच्या टोकाच्या तीन कैकाडी घरांना निरोप दिलाय, त्यांच्यासाठी चटई पुढच्या रांगेत. प्रोजेक्टर कारंज्याहून आणायचाय, वायर मोठी लागेल.